डावखुरा एक्झाक्टा : एका कॅमेऱ्याच्या रचनेची समीक्षा

गेल्या वर्षी आमच्या विभागातील जुनी कपाटे रिकामी करायचे ठरले. डेडस्टॉक रजिस्टर पुढ्यात घेऊन समितीचे तिघे सदस्य बसलो आणि एकेक वस्तू काढून तिच्यापुढे 'ठेवावी' किंवा 'निर्लेखित करावी' असा शेरा लिहू लागलो. अशा कामात कोणाचाच जीव रमत नाही. दुपारपर्यंत जळालेले ट्रान्सफॉर्मर आणि काटा मोडलेले मीटर यांचा ढीग झाला. मग एका खालच्या खणातून कडक झालेली चामड्याची पेटी निघाली. आत एक कॅमेरा होता. पुढच्या बाजूला 'एक्झाक्टा', त्याखाली 'इहागे, ड्रेस्डेन'. हा १९५६ नंतर निघालेला व्हारेक्स २-अ नमुना. सोबत तीन-चार धातूच्या नळ्या, एक भाता आणि सूक्ष्मदर्शकावर बसवायचे कडे होते.

मदतीला आलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीने तो उचलला, वरचे झाकण उघडून आत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, हा बिघडलाय. डावीकडचं उजवीकडे दिसतंय." मग फोटो काढायचे बटण शोधू लागली. उजव्या हाताला काहीच लागेना. "आणि हा डावखुऱ्यांसाठी होता का?"

रजिस्टरमध्ये या वस्तूपुढे कोणीतरी आधीच पेन्सिलीने 'कालबाह्य' असे लिहून ठेवले होते.

कॅमेरा बिघडलेला नव्हता आणि डावखुऱ्यांसाठीही नव्हता. पण हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत, आणि त्यांना उत्तर देताना प्रकाशशास्त्राचा बराचसा धडा उलगडतो. शिवाय या कॅमेऱ्याविषयी दोन ठरावीक मते नेहमी वाचायला मिळतात, आणि ती दोन्ही आम्हाला अपुरी वाटतात. एक मत संग्राहकांचे : ३५ मिमी फिल्मचा हा पहिला एकभिंगी परावर्ती कॅमेरा, म्हणून थोर. दुसरे छायाचित्रकारांचे : सगळे उलट्या हाताला असलेला एक विक्षिप्त कॅमेरा, म्हणून मागे पडला. पहिले मत फक्त तारीख पाहते, दुसरे फक्त हात. रचना कोणीच पाहत नाही.

तारखेचे आधी उरकून घेऊ. ड्रेस्डेन शहरातील इहागे ही कंपनी योहान स्टेनबर्गन या डच गृहस्थाने १९१२ मध्ये काढली. जर्मन भाषेतील 'उद्योग आणि व्यापार संस्था' या अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरे उच्चारली की 'इहागे' होते. तिथला रचनाकार कार्ल न्युख्टरलाइन. त्याने १९३३ मध्ये १२७ क्रमांकाच्या रुंद फिल्मसाठी पहिला एक्झाक्टा तयार केला. तीच कल्पना सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर आणून १९३६ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत 'कीने एक्झाक्टा' मांडला गेला. लेनिनग्राडच्या 'स्पोर्ट' कॅमेऱ्याचा नमुना त्याआधीचा होता असे काही जण म्हणतात. तो वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. रचनेच्या दृष्टीने त्यात काही अडत नाही.

अडते ते पुढच्या प्रश्नावर. १९२५ पासून बाजारात असलेला लायका लहान, हलका आणि चपळ होता. मग भिंगामागे आरसा बसवून कॅमेरा जाड आणि गुंतागुंतीचा करायची गरज काय होती?

थोडे आकडे मांडू. लायकासारख्या कॅमेऱ्यात फोटो घेणारे भिंग वेगळे आणि डोळ्याने पाहायची खिडकी वेगळी. दोहोंत चार सेंटिमीटरचे अंतर आहे असे समजा. ५० मिमी नाभीय अंतराच्या भिंगाने चार मीटरवरच्या माणसाचा फोटो घेतला, तर २४ बाय ३६ मिमीच्या चौकटीत सुमारे २.९ मीटर रुंदीचा देखावा मावतो. खिडकीतून दिसणारे आणि फिल्मवर येणारे यांत चार सेंटिमीटरचा फरक पडला तरी तो देखाव्याच्या दीड टक्क्याहून कमी. कोणाच्या लक्षातही येणार नाही. आता माणसाऐवजी एक भुंगा घ्या आणि त्याची प्रतिमा फिल्मवर त्याच्याच आकाराची यावी असे ठरवा. म्हणजे टिपला जाणारा भाग फक्त २४ बाय ३६ मिमी. चार सेंटिमीटर बाजूला असलेली खिडकी आता पूर्णपणे दुसरीकडेच पाहत आहे. तिच्यात भुंगा मध्यभागी दिसत असेल, तर फिल्मवर भुंगा नाहीच, टेबलाचा पृष्ठभाग आहे.

आमच्या मते या एका उदाहरणात एकभिंगी कॅमेऱ्याचे सगळे समर्थन आले. फिल्मला जे दिसणार तेच, त्याच भिंगातून, डोळ्याला दिसले पाहिजे. हा विचार एक्झाक्टाचा नव्हे. मोठ्या काचपट्ट्यांचे आरसावाले कॅमेरे एकोणिसाव्या शतकापासून होते. एक्झाक्टाने तो विचार तळहातावर मावणाऱ्या यंत्रात आणि छत्तीस चित्रांच्या स्वस्त फिल्मवर आणला.

आता त्या विद्यार्थिनीच्या पहिल्या आक्षेपाकडे वळू. एक्झाक्टात भिंगामागे ४५ अंशांत तिरका आरसा आहे. तो प्रकाश वरच्या दुधी काचेवर टाकतो आणि आपण कमरेशी धरलेल्या कॅमेऱ्यात वरून खाली पाहतो. भिंगाची वास्तव प्रतिमा उलटी असते हे सातवी-आठवीपासून आपण शिकवतो. पण 'उलटी' म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवी अशी दोन्ही बाजूंनी उलटी, हे फळ्यावरच्या मेणबत्तीच्या आकृतीत दिसत नाही, कारण मेणबत्ती डावी-उजवीकडून सारखीच असते. फळ्यावर मेणबत्तीऐवजी 'फ' काढावा. फिल्मवर हा 'फ' शीर्षासन केल्यासारखा, पूर्ण अर्धे वर्तुळ फिरलेला असतो. अक्षर मात्र तेच. कागद फिरवला की सरळ वाचता येते. तिरका आरसा एकच अदलाबदल करतो, वर-खालची. त्यामुळे दुधी काचेवर 'फ' डोक्यावर शिरोरेघ घेऊन सरळ उभा दिसतो, पण दांडा भलत्या बाजूला. आता कागद कसाही फिरवा, तो 'फ' होणार नाही.

नियम सोपा आहे. भिंगाने अक्षर फिरते पण मोडत नाही. आरशांची संख्या विषम असेल तर मोडते, सम असेल तर पुन्हा जुळते. म्हणून एका आरशाच्या एक्झाक्टात डावे-उजवे बदललेले दिसणारच. तो बिघाड नाही, गणित आहे.

पुढे या अडचणीवर लोलकाचा उपाय आला. ड्रेस्डेनमध्येच झाइस इकॉनने १९४९ मध्ये काँटॅक्स-एस हा पंचकोनी लोलक बसवलेला कॅमेरा आणला. हा कॅमेरा डोळ्यासमोर धरायचा आणि चित्र सर्व बाजूंनी सरळ. इथे पाठ्यपुस्तकांविषयी आमची एक जुनी तक्रार मांडायला हरकत नाही. एसएलआर कॅमेऱ्याची जी आकृती पुस्तकांत छापलेली असते, तीत पंचकोन असतो आणि त्यात किरण दोनदा परावर्तित होतो. वर सांगितलेला नियम लावून पाहा. तिरक्या आरशाचे एक आणि लोलकातली दोन मिळून तीन, म्हणजे विषम. आकृतीप्रमाणे कॅमेरा बनवला तर डावे-उजवे उलटेच दिसेल! चाणाक्ष विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला तर शिक्षकाची पंचाईत होते. खरी गोष्ट अशी की लोलकाचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो. कौलारू घराच्या छपरासारखे दोन उतार काटकोनात भिडलेले असतात आणि प्रकाश दोन्ही उतारांवर परावर्तित होतो. एक परावर्तन वाढते, बेरीज चार होते, 'फ' पुन्हा 'फ' होतो. आकृती बाजूने कापलेल्या छेदाची असल्यामुळे छप्पर तीत दिसूच शकत नाही. दोन सपाट आरसे काटकोनात उभे जोडून त्यांच्या सांध्याकडे तोंड करून बसा आणि उजवा कान पकडा. समोरचे ध्यानही उजवाच कान पकडेल. छपराचे काम ते हेच. हा काटकोन अगदी अचूक घासावा लागतो. जरा चुकला की एका वस्तूच्या दोन दिसू लागतात. लोलक महाग का पडतो ते यावरून समजेल.

इहागेने यावर जे उत्तर दिले ते आम्हाला या कॅमेऱ्यातील सर्वांत शहाणे पाऊल वाटते. १९५० च्या व्हारेक्समध्ये त्यांनी दुधी काच काढून लोलक बसवला नाही. त्यांनी वरचा भागच काढ-घाल करण्याजोगा केला. हवा तेव्हा लोलक, हवी तेव्हा दुधी काच. वरवर पाहता ही धरसोड वाटते. पण आमच्या कपाटातील नळ्या आणि कडे जोडून पाहिल्यावर तिचे मर्म कळले. कॅमेरा सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर बसवला की त्याचे तोंड जमिनीकडे होते. लोलक असेल तर पाहणाऱ्याला स्टुलावर चढून वरून खाली वाकावे लागते. दुधी काच असेल तर ती आता आडव्या दिशेला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर येते. खुर्चीवर ताठ बसून तासभर काम करता येते. हस्तलिखितांच्या पानांचे किंवा वनस्पतींच्या नमुन्यांचे फोटो उभ्या दांड्यावर कॅमेरा अडकवून घेतले जातात, तिथेही हेच. डावे-उजवे उलटे दिसण्याचा त्रास म्हणाल, तर सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्याचे हात काचपट्टी उलटीच सरकवायला आधीपासून शिकलेले असतात.

ही एक किल्ली हाती आली की एक्झाक्टाच्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा अर्थ लागू लागतो. मूळ आकाराएवढी प्रतिमा हवी असेल तर ५० मिमीचे भिंग फिल्मपासून १०० मिमी दूर न्यावे लागते. म्हणजे पन्नास मिमीच्या नळ्या मध्ये घालायच्या. प्रकाश दुप्पट अंतरावर पसरल्यामुळे तो एकचतुर्थांश होतो. शिवाय इतक्या जवळून स्पष्टतेची खोली फार थोडी मिळते. फिल्मवर ०.०३ मिमी इतका धूसरपणा चालेल असे धरले, तर एफ-२ वर जेमतेम पाव मिलिमीटर. भुंग्याचा एक डोळा स्पष्ट आला तर दुसरा येणार नाही. छिद्र एफ-१६ पर्यंत लहान केले की ही खोली दोन मिलिमीटरच्या आसपास जाते, पण प्रकाश आणखी चौसष्टपटीने घटतो. म्हणजे अशा कामात शटर सेकंदभर, कधी अनेक सेकंद उघडे ठेवावे लागते. एक्झाक्टाच्या उजव्या बाजूच्या मोठ्या बटणावर बारा सेकंदांपर्यंतचे आकडे का आहेत, याचे उत्तर इथे आहे. बहुतेक कॅमेरे एका सेकंदाशी थांबत आणि पुढचे काम घड्याळाकडे बघून हाताने करावे लागे. इथे आत घड्याळाचेच यंत्र आहे, आणि तेच यंत्र स्वतःचा फोटो घेण्यासाठीचा विलंबही मोजते.

फिल्म कापायची सुरीही अशीच. कॅमेऱ्याच्या बुडाशी एक लहान गोल बटण आहे. ते सैल करून ओढले की आतली सुरी फिल्म आडवी कापते. संग्राहक ही गोष्ट गंमत म्हणून दाखवतात. प्रयोगशाळेत ती गंमत नाही. सहा फोटो घेतले, ते आले की नाही हे आजच पाहायचे आहे, उरलेली तीस चित्रे वाया घालवायची नाहीत. फिल्म कापा, तेवढी अंधाऱ्या खोलीत न्या आणि धुऊन पाहा. गुंडाळी घेण्याच्या बाजूलाही दुसरी डबी बसवता येते, म्हणजे कापलेला तुकडा डबीतच सुरक्षित राहतो.

मग डाव्या हाताचे काय? रचनाकार डावखुरा असावा असा तर्क कोणीही करील, पण त्याची गरज नाही. १९३३ मध्ये कॅमेऱ्याचे बटण उजवीकडेच असावे असा दंडक नव्हता. या कॅमेऱ्यात भिंगाचे कडे फिरवून प्रतिमा स्पष्ट करणे हे सर्वांत नाजूक काम आहे आणि उजव्या हाताच्या माणसाला ते उजव्या हाताने करणे सोयीचे. बटण दाबायला डावे बोट पुरते. आम्ही याकडे विक्षिप्तपणा म्हणून पाहत नाही, एक सुसंगत वाटणी म्हणून पाहतो. फिल्म पुढे नेण्याची तरफही डावीकडेच. एका फेऱ्यात फिल्म सरकते, शटर ताणले जाते आणि आरसा खाली येतो. १९३६ साली हे फार पुढचे होते. लायकात तरफ येण्यासाठी १९५४ चा एम-३ उजाडावा लागला. तोवर गोल बटण पिळत बसावे लागे.

इतके कौतुक झाल्यावर दोष मांडायचे, तर आम्हाला सर्वांत मोठा दोष हा वाटतो की हा कॅमेरा दोन मनांचा आहे. त्याच्या एका बटणावर बारा सेकंद आहेत आणि दुसऱ्यावर एक हजारांश सेकंद. एक हजारांश सेकंद कशासाठी? धावत्या घोड्यासाठी. पण दुधी काचेत घोडा उजवीकडे धावला तर डावीकडे जाताना दिसतो. त्याच्यामागे कॅमेरा वळवायला गेलात की हात हमखास चुकीच्या दिशेला जातो. यावर उपाय म्हणून वरच्या झाकणातच एक उघडी चौकट करून दिली होती, तिच्यातून सरळ घोड्याकडे बघायचे. म्हणजे ज्या दोषासाठी लायका सोडला, ती वेगळी खिडकी पुन्हा आलीच, आणि प्रतिमा स्पष्ट आहे की नाही हेही कळेना. दुसरे, बटण दाबले की आरसा वर जातो आणि तिथेच राहतो. तरफ फिरवेपर्यंत पाहणाऱ्यापुढे काळोख. टेबलावरच्या भुंग्याला फरक पडत नाही, पण मुलांच्या खेळात पुढच्या क्षणी काय झाले ते कळत नाही. आणि ती तरफ वर्तुळाच्या पाऊण भागाहूनही अधिक फिरवावी लागते, त्यासाठी कॅमेरा डोळ्यापासून दूर घ्यावा लागतो. संथ वेग वापरताना तर आधी डावे बटण 'बी' किंवा 'टी' वर आणा, मग उजवे बटण किल्लीसारखे पिळा, मग त्याचे कडे उचलून आकडा जुळवा. यातले एक विसरले की चित्र गेले. आम्ही स्वतः पहिल्या फिल्मवरची चार चित्रे अशीच घालवली.

हाल्फमन चुका माफ करता येतात, कारण प्रत्येक पहिल्या यंत्रात त्या असतातच, असे कोणी म्हणेल. आमचा आक्षेप तो नाही. आक्षेप असा की तीस वर्षांत त्या सुधारल्या नाहीत, आणि का सुधारल्या नाहीत हे पाहणे उद्बोधक आहे.

वर सांगितले तसे, जवळच्या कामात छिद्र लहान ठेवावे लागते. पण छिद्र लहान असताना दुधी काच इतकी अंधारते की प्रतिमा स्पष्ट करता येत नाही. म्हणून छिद्र मोठे ठेवून पाहायचे आणि ऐन वेळी लहान करायचे. ते विसरले की चित्र पांढरे फटक. यावर १९५० नंतरच्या दशकात एक सुरेख तोड निघाली. भिंगालाच एक बाहू जोडला आणि त्यावर एक बटण बसवले. भिंग कॅमेऱ्यावर चढवले की हे बटण बरोबर कॅमेऱ्याच्या बटणासमोर येते. एकच बोट दाबले की आधी छिद्र लहान होते, आणि तीच दांडी पुढे जाऊन कॅमेऱ्याचे बटण दाबते. कॅमेऱ्याच्या आत एकही सुटा भाग वाढवावा लागला नाही. जुना कॅमेराही नव्या भिंगाने 'स्वयंचलित' झाला. येनाचे झाइस आणि इतर अनेक भिंगकारांनी अशी भिंगे काढली.

पण विचार करा. प्रत्येक भिंगाचा बाहू आता कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूच्या त्याच एका बिंदूवर येऊ लागला. बटण तिथून एक सेंटिमीटर जरी हलवले असते तरी लोकांनी पदरमोड करून घेतलेली सगळी भिंगे निरुपयोगी झाली असती. १९३३ मध्ये डावे बटण ही एक निवड होती, ती बदलता आली असती. बाहूच्या हुशार युक्तीने तिला खिळा ठोकला. कॅमेऱ्याच्या तोंडाचा अरुंद घेर बदलता आला नाही तोही याच कारणाने. ग्राहकाशी राखलेली निष्ठाच रचनेला जखडून बसली. १९५७ मध्ये जपानचा आसाही पेंटॅक्स आला तो उजव्या हाताची तरफ, लोलक आणि फोटो झाल्याबरोबर आपोआप खाली येणारा आरसा घेऊन. असा आरसा आसाहीने १९५४ मध्येच आपल्या आधीच्या कॅमेऱ्यात बसवला होता. १९५९ च्या निकॉन-एफमध्ये व्हारेक्सचीच बदलत्या माथ्याची कल्पना दिसते, पण छिद्र लहान करण्याची जोडणी आतून. त्यांच्यावर जुन्या भिंगांचे ओझे नव्हते. एक्झाक्टात आपोआप परतणारा आरसा यायला १९६७ चा व्हीएक्स-१००० उजाडला. आणि १९७० च्या सुमारास पूर्णपणे नव्या सांगाड्यावर काढलेल्या आरटीएल-१००० ला दोन बटणे होती, नव्या वापरासाठी उजवीकडे आणि जुन्या भिंगांच्या बाहूंसाठी डावीकडे! या समीक्षेत आम्ही जे पानभर लिहिले ते त्या दोन बटणांत आहे.

अर्थात सगळा दोष रचनेच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. स्टेनबर्गन डच नागरिक. युद्धात तो शत्रुराष्ट्राचा माणूस ठरला आणि १९४२ मध्ये त्याला जर्मनी सोडावी लागली. १९४५ च्या फेब्रुवारीतील बाँबहल्ल्यांत ड्रेस्डेन उद्ध्वस्त झाले, इहागेचा कारखानाही. न्युख्टरलाइन युद्धावरून परतला नाही. ज्याच्या डोक्यात हे यंत्र जन्मले तो माणूस नाही, मालक परदेशात, कारखाना पूर्व जर्मनीच्या सरकारी देखरेखीखाली. अशा स्थितीत उरल्यासुरल्या साधनांनी उत्पादन पुन्हा सुरू झाले, हीच मोठी गोष्ट. आहे ते यंत्र चालू ठेवणे आणि परदेशात विकणे भागच होते. नवे काही मुळापासून मांडायला जो माणूस लागतो तो तिथे नव्हता. उरलेल्यांनी जोडण्या वाढवल्या, आणि त्यांतल्या कित्येक उत्तम होत्या.

जाता जाता एक गोष्ट. हिचकॉकचा १९५४ चा 'रिअर विंडो' काहींनी पाहिला असेल. त्यातला पाय मोडलेला छायाचित्रकार समोरच्या इमारतीतील खिडक्या ज्या कॅमेऱ्यातून न्याहाळतो तो एक्झाक्टाच, पुढे ४०० मिमीचे लांबलचक भिंग लावलेला. नाव मात्र झाकलेले आहे. कथेतला हा गृहस्थ म्हणे धावपळीच्या बातम्यांचे फोटो घेणारा. त्या कामाला हा कॅमेरा आम्ही सुचवला नसता. पण चाकाच्या खुर्चीत खिळून, एकाच दिशेला भिंग रोखून, तासन्‌तास बारकाईने पाहत बसायचे असेल, तर याहून योग्य यंत्र त्या काळी शोधून सापडले नसते.

आता आमच्या रजिस्टरकडे परत येऊ. समितीतील एका सहकाऱ्याचे म्हणणे, फिल्म महाग झाली, ती धुवायला कोणी राहिले नाही, मग जागा कशाला अडवायची? म्हणणे खोटे नव्हते. आम्ही एक फिल्म घालून पाहिली. शटरचा रबरी कापडाचा पडदा जुना होऊन कडक झाला आहे, त्याला टाचणीच्या टोकाहून बारीक छिद्रे पडली आहेत, आणि प्रत्येक चित्रावर पांढरे ठिपके आले. भिंगाच्या आत बुरशीची जाळी आहे. आमच्या दमट हवेत ती धरायचीच. फोटो काढण्याचे यंत्र म्हणून तो संपला आहे हे मान्य केले.

मग विद्यार्थिनीला सांगितले, मागचे झाकण काढ आणि फिल्म जिथे बसते तिथे ट्रेसिंग पेपरचा तुकडा धर. डावे बटण 'बी' वर ठेवले आणि दाबून धरले. आरसा वर गेला, पडदा उघडला आणि कागदावर समोरच्या फळ्यावरचा 'फ' शीर्षासन करून उभा राहिला. बटण सोडले, तरफ फिरवली, आरसा खाली आला. वरून पाहिले तर तोच 'फ' सरळ उभा, पण दांडा भलतीकडे. मग दुधी काच काढून लोलक बसवला. नुसता 'फ'. तिने दोनदा करून पाहिले आणि तिसऱ्यांदा करताना पुटपुटत मोजले : शून्य, एक, चार. डिजिटल कॅमेऱ्यात हे दाखवता येत नाही. त्यातल्या बऱ्याच नमुन्यांत आता आरसाच उरलेला नाही.

समितीच्या सहकाऱ्याने तोवर स्वतःचा उजवा कान पकडून दोन आरशांत पाहून घेतले होते. त्याने पेन्सिलीचा शेरा खोडला आणि त्याच रकान्यात शाईने लिहिले, 'प्रात्यक्षिकासाठी ठेवावा. भिंग स्वच्छ करून घेणे.' कॅमेरा आता खालच्या खणात नाही. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत, प्रकाशपीठाशेजारच्या काचेच्या कपाटात आहे, आणि कपाटाला कुलूप नाही.